फिनलंडमधल्या तांपेरे शहराला जाणाऱ्यांसाठी थोडी भर

फिनलंडमधल्या तळ्याकाठच्या एका सौना-रिसॉर्टवरचा लेख वाचला. वर्णन छान झालंय, पण ते वाचून सौना, म्हणजे तापलेल्या दगडांवर पाणी ओतून वाफ घ्यायची खोली, हा महागड्या स्पाचा प्रकार वाटतो. फिनलंडमध्ये तसं नाही. साधारण ५५ लाख वस्तीच्या देशात तीसेक लाख सौना आहेत असा अंदाज सांगतात. २०२० मध्ये युनेस्कोने ही परंपरा अमूर्त वारशाच्या यादीत घेतली.

तांपेरेला गेलात तर नॅसियार्वी तलावाकाठच्या राउहानिएमीला जा. सार्वजनिक सौना आहे. बायका-पुरुष एकत्रच बसतात, म्हणून पोहण्याचे कपडे घालायचे. आपल्या मंडळींची पहिली चिंता तीच असते, म्हणून आधीच सांगून टाकते!

आत चांगलंच कडक तापलेलं असतं. कुणीतरी दगडांवर डावभर पाणी ओततं आणि वाफ आधी कानाच्या पाळ्यांना चावते. सोसत नसेल तर खालच्या बाकावर बसा, शौर्य दाखवायची गरज नाही. हिवाळ्यात तलाव गोठतो, तेव्हा बर्फात मोकळ्या ठेवलेल्या जागेत उतरायचं. पाणी शून्याच्या जेमतेम वर. शिडीने हळूहळू जा, उडी नको. थंडीच्या धक्क्याने श्वास आपोआप आत ओढला जातो आणि त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल तर संपलंच. लांब श्वास सोडत राहायचं, अर्ध्या मिनिटात बाहेर. हृदयविकार किंवा रक्तदाब असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करूच नका. आणि दारू पिऊन तर अजिबात नाही.

लोकरीची टोपी घातलेली चालते. बाकावर अंथरायला छोटा पंचा मात्र न्याच.