मतदानाआधीचा हिशेब आणि निकालानंतरची छाननी

महिना 1,500 रुपये म्हणजे वर्षाला 18,000. अडीच कोटी बायकांना द्यायचे तर 45,000 कोटी. 28 जून 2024 रोजी तत्कालीन अर्थमंत्री अजित पवारांनी लाडकी बहीण योजना विधिमंडळात मांडली, तेव्हा वर्षाचा खर्च 46,000 कोटी सांगितला होता. म्हणजे सरकारला आकडा ठाऊक होता. मार्च 2025 च्या अर्थसंकल्पात मात्र तरतूद झाली 36,000 कोटींची. 18,000 ने भागलं की दोन कोटी बायका निघतात. उरलेल्या सुमारे पन्नास लाखांचं काय करणार, हा प्रश्न त्याच दिवशी सभागृहात लावून धरायला हवा होता.

नेदरलँड्समध्ये बसून महाराष्ट्रातला वाद ऐकताना मला हीच गोष्ट खटकते. एक बाजू म्हणते रेवड्या वाटल्या, दुसरी म्हणते गरिबाच्या घरात चार पैसे गेले तर तुमच्या पोटात का दुखतं. दुसऱ्या बाजूशी मी सहमत आहे. इथेही लाखो कुटुंबांना घरभाडं, आरोग्यविमा आणि पाळणाघरासाठी दरमहा सरकारी पैसे मिळतात. मला त्रास होतो तो क्रमाचा. आपल्याकडे आधी आश्वासन, मग पुरवणी मागण्या (म्हणजे अर्थसंकल्पाबाहेरच्या वाढीव खर्चाला मंजुरी), मग मतदान, आणि हिशेब सगळ्यात शेवटी.

जुलै 2024 मध्ये 94,889 कोटींच्या पुरवणी मागण्या आल्या, त्यातले 25,000 कोटी या एका योजनेचे होते. नोव्हेंबरात निवडणूक होती. महाविकास आघाडीने 3,000 चं वचन दिलं, महायुतीने 2,100 चं. अडीच कोटी बायका धरल्या तर पहिल्याचे वर्षाला 90,000 कोटी होतात, दुसऱ्याचे 63,000 कोटी. प्रचारात हे गुणाकार लोकांसमोर फारसे कोणी धरले नाहीत, कारण धरण्यात कोणाचाच फायदा नव्हता. जो पक्ष आपल्या वचनाची किंमत सांगतो त्याची मतं जातात, जो सांगत नाही त्याला शिक्षा नाही. पुढाऱ्यांच्या नीतिमत्तेवर कितीही बोललं तरी हे गणित बदलत नाही. ते बदलायला किंमत काढणारा तिसरा माणूस लागतो.

नेदरलँड्समध्ये तो आहे. केंद्रीय नियोजन कार्यालय 1945 मध्ये स्थापन झालं, यान टिनबर्गेन त्याचे पहिले संचालक. 1986 पासून हे कार्यालय निवडणुकीआधी पक्षांच्या जाहीरनाम्यांचा हिशेब करून देतं. पक्षाने घोषणा द्यायच्या नाहीत, उपायांची यादी द्यायची: कोणता कर, किती टक्के, कोणत्या वर्षापासून, कोणाला लागू. ‘प्रशासन कार्यक्षम करून पैसे वाचवू’ एवढ्यावर भागत नाही, कोणत्या खात्यातले किती ते लिहावं लागतं. कायद्यात न बसणाऱ्या उपायाची बचत धरली जात नाही. कच्चा हिशेब पक्षाला गुप्तपणे दाखवला जातो, पक्ष दुरुस्त्या करतो, पुन्हा हिशेब होतो. मग सगळ्यांचे निकाल एकत्र छापले जातात: तूट किती, कर्ज किती, रोजगारावर काय परिणाम, कोणत्या उत्पन्नगटाच्या हातात किती पैसे उरतील. विशेष म्हणजे हे कार्यालय कागदोपत्री अर्थव्यवहार मंत्रालयाचाच भाग आहे, पण निष्कर्ष काय काढायचा हे मंत्री सांगू शकत नाही.

यात दोष आहेत आणि ते मोठे आहेत. पक्ष कार्यालयाच्या गणिती प्रतिमानाला (मॉडेलला) आवडतील असे उपाय बेतायला शिकतात. चांगल्या शिक्षणाचा फायदा वीस वर्षांनी दिसतो, तो चार वर्षांच्या तक्त्यात नीट बसत नाही. शिवाय सहभाग ऐच्छिक आहे. नोव्हेंबर 2023 च्या निवडणुकीत अतिउजवे नेते खेर्त विल्डर्स यांच्या पक्षाने हिशेब करून घेतलाच नाही आणि संसदेच्या 150 पैकी 37 जागा मिळवून तोच सर्वांत मोठा ठरला. आरोग्यविम्यात रुग्णाने वर्षाला स्वतः भरायचे पहिले 385 युरो पूर्ण रद्द करू, हे त्यांचं लाडकं वचन होतं. युतीच्या वाटाघाटीत ते ‘2027 पासून 165 युरो’ इतकं खाली आलं, कारण ही रक्कम कमी केली की उपचारांचा वापर वाढतो आणि सगळ्यांचे हप्ते चढतात. जून 2025 मध्ये त्यांनी पाठिंबा काढला आणि सरकार पडलं. तरीही वाटाघाटीच्या टेबलावर आकडे तयार होते, म्हणून वचनाला कात्री कुठे आणि का लागली हे मतदाराला कळलं.

आपल्याकडे सुरुवात झाली होती. निवडणुकीतल्या फुकट वाटपाच्या वचनांवर सर्वोच्च न्यायालयात चाललेल्या 2013 च्या सुब्रमण्यम बालाजी खटल्यानंतर आदर्श आचारसंहितेत जाहीरनाम्यांसाठी तरतूद आली: वचनामागचं कारण आणि पैसा कुठून येणार हे ढोबळपणे सांगा. ऑक्टोबर 2022 मध्ये निवडणूक आयोगाने पक्षांना पत्र पाठवून खर्चाचा ठरावीक नमुनाच सुचवला. केंद्रासाठी स्वतंत्र वित्तीय परिषद, म्हणजे सरकारी हिशेब तपासणारी तटस्थ संस्था हवी, अशी शिफारस वित्तीय शिस्तीवरच्या एन. के. सिंह समितीने 2017 मध्येच केली होती. महाराष्ट्रापुरतं पाहिलं तर दरवर्षी आर्थिक पाहणी काढणारं अर्थ व सांख्यिकी संचालनालय आहेच. त्यातला एक कक्ष कायद्याने स्वायत्त करावा आणि कोणत्याही पक्षाने मागितला तरी त्याने हिशेब करून द्यावा. लाभार्थी किती, दर किती, पाच वर्षांचा खर्च किती आणि तो कोणत्या लेखाशीर्षातून (अर्थसंकल्पातल्या कोणत्या खात्यातून), एवढं छापलं तरी पुष्कळ झालं. शेवटचा रकाना मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मे 2025 मध्ये सामाजिक न्याय विभागाचे सुमारे 410 कोटी आणि आदिवासी विकासाचे सुमारे 335 कोटी या योजनेकडे वळवले गेले, तेव्हा सामाजिक न्याय खात्याच्या मंत्र्यांनीच जाहीर नाराजी व्यक्त केली. या खात्यांच्या वसतिगृहातल्या मुलाने आपल्या हक्काच्या पैशातून ही योजना चालवावी का, हा प्रश्न मतदानाआधी विचारला गेला असता तर उत्तर वेगळं आलं असतं.

आणि आता छाननी. निवडणुकीआधी अर्ज सढळ हाताने मंजूर झाले. निकालानंतर, जून 2025 पासून, 26.34 लाख जणींचे हप्ते थांबले. यादीत 14 हजारांवर पुरुष सापडले, तेव्हा तपासणी हवीच. पण ती तिजोरीच्या गरजेपोटी सुरू झाली की काय होतं, ते नेदरलँड्सने भोगलं आहे. 2013 नंतर इथल्या कर विभागाच्या भत्तेतपासणीला असं ठरवून दिलं गेलं की पथकांचा खर्च वसुलीतून भरून निघाला पाहिजे. पाळणाघराच्या खर्चातला स्वतःचा छोटा वाटा भरल्याची पावती नसली, तर आईबापांकडून पूर्ण वर्षाचा भत्ता परत मागितला गेला. हजारो युरोंचं कर्ज अंगावर आलं, घरं मोडली. बाधित पालकांची संख्या हजारोंच्या घरात गेली आणि 15 जानेवारी 2021 रोजी पंतप्रधान मार्क रुटे यांच्या सरकारने राजीनामा दिला.

आपल्याकडच्या ई-केवायसीत पती किंवा वडिलांचा आधार क्रमांक मागितला गेला. विधवा आणि घटस्फोटित बायका अडकल्यावर मुदत वाढली, वेगळी सोय झाली. नियम लिहितानाच हे सुचायला हवं होतं. हप्ता थांबवण्याआधी लेखी कारण, उत्तराला मुदत, तालुक्याच्या ठिकाणी सुनावणी, आणि चूक जेवढी तेवढीच वसुली. या चार गोष्टी शासन निर्णयात घालायला एक पैसाही जास्त लागत नाही.