रिटायर झालात? आता घराची तपासणी सुरू करा

सगळ्यात आधी अभिनंदन. 31 मेला सरकारी नोकरीतून रिटायर झालात म्हणजे तुमची जन्मतारीख 1 जून, ते वेगळं सांगायला नको. पहिलीत नाव घालताना वडलांना तारीख काय आठवेना, "कृष्णेला पूर आलता तवाचा हाय" एवढंच ते सांगू शकले, आणि हेडमास्तर दाखल्यावर 1 जून लिहून मोकळे झाले. एक तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी घरी जातो असा नियम, म्हणून मे संपताना रिटायर होणाऱ्यांची ही झुंबड असते आणि एकाच हॉलमध्ये तिघातिघांचे निरोप समारंभ उरकतात. आता पूर काय जूनच्या एक तारखेला येत नाही, म्हणजे मास्तरांनी तुमची दोनेक महिन्यांची नोकरी खाल्लीच की. हा विषय इथून पुढं रोज सकाळी काढा. ऐकणारं माणूस घरात फुकट आहे.

मी कोण एवढं सांगणारी? तर सांगलीत विश्रामबागेत आमच्या घरी याच बॅचचा एक वर्ग दोनचा अधिकारी नुकताच जमा झालाय, त्यामुळं लिहितेय ते डोळ्यादेखत बघून लिहितेय.

पहिली गोष्ट, निरोप समारंभात जे जे बोललं गेलं ते शब्दन् शब्द खरं धरा. "साहेब म्हणजे चालताबोलता जीआर", "साहेबांच्या जाण्यानं पोकळी निर्माण झाली", "हे ऑफिस तुमचंच आहे, कधीही या". हे शेवटचं तर अगदी मनावर घ्या आणि लगेच चार दिवसांनी जा. पहिल्या खेपेला शिपाई उठून उभा राहील, चहा येईल, बशीत दोन बिस्किटं पण असतील. तुम्ही नवीन साहेबांना तुमच्या काळात एखादी अडलेली नस्ती, म्हणजे फाईल, कशी हलवली होती ते सगळं पहिल्यापासून सांगा, ते मान हलवत मोबाईल बघतील, त्याचा अर्थ त्यांना इंटरेस्ट आहे. पुढच्या वेळी चहा येईल, बिस्किटं नसतील. त्याच्या पुढच्या वेळी साहेब व्हीसीला, म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्सला, बसलेले असतील आणि ती व्हीसी तुम्ही उठेपर्यंत काय संपणार नाही. तरी जात राहा. कारण तुमची पेन्शन केस आस्थापनेच्या ज्या लिपिकाकडं आहे तो तोच पोरगा आहे, ज्याचा रजेचा अर्ज तुम्ही दोन दिवस "ठेवा तिथं" म्हणून टेबलावर ठेवला होता. त्याला काय विसर पडलेला नाही, तो फार नम्रपणे सांगेल की साहेब, सेवापुस्तक वेतन पडताळणीला गेलं होतं, तिथनं आक्षेप आलाय, कुठल्या तरी जुन्या वेतनवाढीची नोंद जुळत नाही, जादा गेलेली रक्कम वसूल करावी लागेल म्हणतात. आणि बसा म्हणायचं तो विसरेल. आयुष्यभर लोकांना "त्रुटी पूर्तता करून आणा" म्हणून परत पाठवलंत ना, आता स्वतः पूर्तता करा. मजा असते त्यातसुद्धा. ऑफिसचं काही देणं बाकी नाही असा ना-देय दाखला पण घ्या, कपाटाच्या किल्लीसाठी अडतो तो.

ऑफिसनं दाद दिली नाही की मग घर आहेच. घर हे एक दुर्लक्षित कार्यालय आहे, तिथं गेली तीस-बत्तीस वर्षं तपासणीच झालेली नाही आणि तरी ते चालू आहे, ही गोष्टच मुळात संशयास्पद आहे. साडेदहाला तयार होऊन, इस्त्रीचा शर्ट घालून, हॉलमधल्या खुर्चीत बसा. ती तुमची केबिन. पेपर संपला की किचनकडं वळा. डब्यांवर लेबलं का नाहीत ते विचारा. तूरडाळ दोन डब्यात का, ते विचारा. (एक जुनी आणि एक नवी, पण हे सांगायच्या आधीच तुम्ही दोन्ही एकत्र ओतून मोकळे व्हाल, आमच्याकडं झालंय.) गॅस सिलेंडर कधी लावला त्याची तारीख कॅलेंडरवर लिहिलेली असते, तरी एक रजिस्टर घाला. रकाने आखा. आमच्याकडं आता दुधाचं रजिस्टर आहे, इस्त्रीच्या कपड्यांचं आहे, आणि नारळ फोडले किती याचं पण एक पान आहे, त्यावर शेवटी सही कोणी करायची याचा निर्णय प्रलंबित आहे.

कामवाल्या मावशींची हजेरी घ्यायला विसरू नका. त्या नऊ वाजून वीस मिनिटांनी आल्या तर घड्याळाकडं बघा, काही बोलू नका, नुसतं बघा. ऑफिसात याने फरक पडत नव्हता पण घरात पडेल, मावशी दुसऱ्या दिवशीपासून येणारच नाहीत. मग भांडी कोण घासणार हा प्रश्न तुमच्या अखत्यारीत येत नाही, तो संबंधित विभागाकडं वर्ग करा. संबंधित विभाग म्हणजे मी.

आता चहा. ऑफिसात चहा मागायचा नसतो, तो होतो. तीच सवय ठेवा. अकराला, तीनला आणि परत साडेचारला हवेत बघून "चहा होईल का?" एवढं म्हणायचं, कोणाला म्हणलं ते कळता कामा नये. चहा आला की लगेच पिऊ नका, फोनवर बोलत बसा, गार झाला की "जरा गरम करून मिळेल का". दुपारी दीड ते तीन ही बायकोची वेळ असते, जेवणाची झाकपाक झालेली असते, ती आडवी होते नाहीतर बहिणीला फोन लावते. ही वेळ तुमच्या नजरेतून आजवर सुटलेलीच होती. तेव्हा बरोबर पावणेदोनला जाऊन विचारा, माझं ते निळं फाईल-फोल्डर बघितलंस का. फोन चालू असेल तर शेजारी उभे राहा आणि कोण आहे, कोण आहे अशा खुणा करा. आणि भिशीला बायका घरी येणार असतील त्या दिवशी कुठंही जाऊ नका. हॉलमध्येच बसा. एकेकीला मिस्टर काय करतात ते विचारा.

सकाळचा वॉक तर आलाच. त्यासाठी आधी शूज, ट्रॅकसूट, टोपी आणि पावलं मोजणारं घड्याळ घ्या, मग आमराईत जा आणि पहिल्या बाकावर बसा. तिथं तुमच्याच बॅचचे सगळे भेटतात. एकमेकांना नमस्कार, कसं काय वगैरे काही नाही, डायरेक्ट "पीपीओ आला का?" पीपीओ म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश. मग मुंबईच्या एजी, म्हणजे महालेखापाल ऑफिसात कोणाची केस कुठं अडकली, कोणी पेन्शन किती विकली, म्हणजे तिचा भाग सोडून एकरकमी पैसे किती घेतले, यावर सूर्य वर येईपर्यंत चर्चा. 40 टक्क्यांपर्यंत विकता येते, तेवढा हप्ता पेन्शनमधून कापला जातो आणि 15 वर्षांनी पूर्ण पेन्शन परत सुरू होते. म्हणजे 58 ला रिटायर झालात तर तुमच्या 73 व्या वर्षी. म्हणून तर वॉकला जायचं, 73 गाठायचंय. ज्या पोरांची नेमणूक 1 नोव्हेंबर 2005 पासून पुढची आहे आणि ज्यांना ही जुनी पेन्शन नाही त्यांच्यासमोर मात्र हा विषय काढताना जरा मोठ्यानं काढा, त्यांना ऐकू जायला पाहिजे.

पैशाचं थोडक्यात सांगते, कारण यात तुम्ही आमचं ऐकणार नाहीच. तीनशे दिवसांच्या शिल्लक रजेचे पैसे, भविष्य निर्वाह निधी, गट विमा, ग्रॅच्युइटी (राज्य सरकारनं 1 सप्टेंबर 2024 पासून तिची मर्यादा 14 वरून 20 लाख केलीय), हे सगळं खात्यावर पडलं की बँकेतला एक टाय घातलेला मुलगा तुम्हाला "सर" म्हणेल. महिनाभरात तुम्हाला सर म्हणणारा तो एकटाच माणूस असेल. त्याच्यावर पूर्ण विश्वास टाका. तो सांगेल ते सगळे फॉर्म चष्मा न लावता सही करा. दहा वर्षं हप्ता भरायची पॉलिसी 58 व्या वर्षी घेतली की भविष्य कसं उज्ज्वल दिसतं, आणि त्यानं तुम्हाला केबिनमध्ये बसवून कॉफी पाजलेली असते, मग नाही कसं म्हणायचं. पोस्टात ज्येष्ठ नागरिक बचत योजना आहे, साठी झाली नसली तरी नियत वयोमानानं रिटायर झालेल्याला पैसे हातात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यात खातं काढता येतं, 2023 पासून 30 लाखांपर्यंत ठेवता येतात, दर तीन महिन्यांनी व्याज मिळतं. पण तिथं अजिबात जाऊ नका. तिथं लाईन असते आणि सर कोणी म्हणत नाही.

फिरायला जायचा प्लॅन पण याच दिवसात होतो. "आता आयुष्यभराचं फिरून घेऊ, सगळीकडं सवलत असते." ही सवलत शोधायला निघा, फार करमणूक होते. रेल्वेची ज्येष्ठांची सवलत मार्च 2020 मध्ये बंद झाली, आणि ती होती तेव्हासुद्धा पुरुषांना साठीनंतर होती. एसटीत अर्धं तिकीट 65 ला, फुकट 75 ला. इन्कम टॅक्सवाले तुम्हाला 60 च्या आत ज्येष्ठ धरायला तयार नाहीत. म्हणजे सरकारनं कामाला म्हातारा म्हणून घरी पाठवलं, तिकिटाला मात्र तुम्ही अजून तरुण. बायकोला मार्च 2023 पासून एसटीत अर्धं तिकीट आहे, वयाची काय अट नाही. कोल्हापूरला जाताना कंडक्टरला मी म्हणलं एक फुल एक हाफ, त्यानं विचारलं हाफ कुणाचं, म्हणलं माझं. त्यावर ह्यांनी त्या कंडक्टरला सेवानिवृत्तीचा आदेश काढून दाखवला. तो खिशातच असतो. मागच्या सीटवरच्या माणसानं पण वाचायला मागितला, तर ह्यांना कोण आनंद.

आणि शेती! गावाकडं शेती असेल तर जूनचा पहिला पाऊस पडला रे पडला की निघा. तासगावकडं धाकट्या भावानं इतकी वर्षं द्राक्षबाग सांभाळलीय, एप्रिल छाटणी करून काडी तयार व्हायच्या काळजीत तो सकाळ-संध्याकाळ पानं उलटी करून बघतोय, डाऊनी रोग येतोय का करप्या येतोय, फवारणीला उघडीप मिळेना, अशा बरोबर टायमाला तुम्ही पोचा. बांधावर उभे राहा, हात मागं घ्या, आणि म्हणा, "औषधाचा खर्च फार दिसतोय, सेंद्रिय का नाही करत?" हे तुम्ही आदल्या रात्री यूट्यूबवर बघितलेलं असतं, वीस मिनिटांचा व्हिडिओ, त्यातला बराचसा वेळ चॅनल सबस्क्राईब करा म्हणण्यात गेलेला. भाऊ काही बोलणार नाही, तो मोठ्या भावाला मान देतो, फक्त फवारणीचा पंप जरा तुमच्या अंगावरून नेईल. मग द्राक्ष काढून ड्रॅगन फ्रूट लावायचं सुचवा. मजुरांना रांगेत उभं करून कामाचं वाटप समजावून सांगा. मुक्काम आठ दिवसांचा ठरवून गेला असाल तर तिसऱ्या दिवशी धाकटी जाऊ माझ्याकडं फोन करते, "जाऊबाई, भाऊजींची तिकडं काय कामं अडलीत का हो?" मी आपलं काहीतरी कारण सांगून ह्यांना परत बोलावून घेते, बिचारी ती तरी का भोगेल.

परत आल्यावर मोबाईल असतोच. रात्री सोसायटीचे मेंटेनन्सचे हिशेब मागवा, ऑडिट का झालं नाही म्हणून ग्रुपवर विचारा, मुद्देनिहाय, अ ब क ड करून. सेक्रेटरी नोकरी करून सोसायटी बघतो, त्याला रात्री अकराला उत्तर द्यायला काय होतं? उत्तर नाही आलं तर स्मरणपत्र एक, मग स्मरणपत्र दोन. मुलीच्या घरी, तिकडं बंगलोरला, व्हिडिओ कॉल लावा. ती ऑफिसच्या मीटिंगमध्ये असते तेव्हाच लावा, तिच्या कामाच्या पद्धतीत काय सुधारणा करता येईल हे तिला कोणीतरी सांगायलाच हवं. नातवाला घड्याळ लावून पाढे म्हणायला लावा. तो कॅमेरा छताकडं फिरवून जातो, तरी तुम्ही छताला शिकवत राहा.

मला शेजारणी विचारतात, तुम्ही कधी रिटायर होणार हो? माझी जन्मतारीख बरोबर लिहिलेली आहे, पण ती लागू होत नाही. असो. विषय ह्यांचा आहे.

एवढं सगळं उपरोधानं लिहिलं, आता एकच सल्ला मनापासून देते, तो मात्र नीट वाचा. सरकारी कार्यालयांत रिटायर झालेल्या अधिकाऱ्यांना करार पद्धतीनं घेतात. पेपरात आत कुठंतरी, निविदा सूचनांच्या शेजारी, छोटी जाहिरात असते, "सेवानिवृत्त अधिकाऱ्यांकडून अर्ज मागविण्यात येत आहेत". मानधन किती, काम काय, जिल्हा कोणता, काय काय बघत बसू नका. गडचिरोली असलं तरी चालेल. ह्यांचा अर्ज मी भरून ठेवलाय, फोटो चिकटवलाय, सगळ्या कागदांचे झेरॉक्स तीन सेट काढलेत, सहीच्या जागी पेन्सिलनं फुल्या मारल्यात. फक्त ती फाईल सध्या सापडत नाहीये, कारण परवा कपाटाची तपासणी झाली आणि सगळ्या फाईलींना नवीन नंबर पडलेत.