स्पर्धकाची साइट फुकटच्या टूलमध्ये टाकली की सगळे कळते?

ऑनलाइन माल विकणाऱ्या छोट्या विक्रेत्यांमध्ये एक सल्ला सारखा फिरत असतो. त्याचा आशय असा: "एसईओवर (गूगलच्या निकालांत साइट वर आणण्याच्या कामावर) पैसे घालवू नका. स्पर्धकाची वेबसाइट फुकटच्या टूलमध्ये टाका. त्याच्याकडे किती लोक येतात, कोणत्या कीवर्डवरून (गूगलमध्ये टाकलेल्या शब्दांवरून) येतात, दुसऱ्या साइटवरून त्याला लिंक कुठून मिळाल्या, सगळे दिसते. तेच कीवर्ड ३ टक्के डेन्सिटीने (दर शंभर शब्दांत तीनदा) आपल्या पानावर घाला, डीए (डोमेन अथॉरिटी, म्हणजे साइटच्या वजनाचा गुण) ३० च्या वर न्या, पेजस्पीड (पानाच्या वेगाचा गुण) १०० करा. महिन्याभरात पहिल्या पानावर."

पहिले वाक्य बरोबर आहे. छोट्या साइटला फुकटची साधने खरोखर पुरतात. पुढचे जवळजवळ प्रत्येक वाक्य मात्र चुकीच्या वाटेला लावते. उदाहरणासाठी कोकणातून थेट हापूसच्या पेट्या विकणारी, पन्नासेक पानांची साइट धरू. हिचा धंदा वर्षातले तीन महिने चालतो, त्यामुळे चूक लगेच महागात पडते.

"किती लोक येतात ते दिसते"

दिसतो तो अंदाज. खरी मोजणी फक्त साइटच्या मालकाकडे असते. सेमरश किंवा एचरेफ्ससारखे टूल आपल्याकडे साठवलेल्या कीवर्डच्या यादीत ती साइट कितवी येते हे पाहते आणि त्या क्रमांकाला साधारण किती क्लिक मिळतात त्यावरून आकडा काढते. यादीत मराठी शब्दच विरळ असतील, तर ऐन मे महिन्यात ऑर्डरी न आवरणाऱ्या साइटपुढेही शून्य दिसू शकते.

"त्याचेच कीवर्ड उचला"

इथे सगळ्यात जास्त फसगत होते. लोक शब्द उचलतात आणि गूगल कीवर्ड प्लॅनर या जाहिरातदारांसाठीच्या साधनात त्याची मागणी बघतात. जाहिरातीवर खर्च नसलेल्या खात्याला तिथे नेमका आकडा मिळत नाही, "१०० ते १ हजार" असा पट्टा मिळतो. तोही एरवी १२ महिन्यांची सरासरी असतो. एप्रिल-मेमधली झुंबड आणि ऑगस्टमधला शुकशुकाट एकत्र मिसळून आलेला आकडा आंबेवाल्याच्या काय कामाचा? वरची तारीख बदलून फक्त गेल्या वर्षीचे मार्च ते मे निवडा, मग चित्र बदलते. तिथला "स्पर्धा" हा रकानाही नीट समजून घ्या. त्या शब्दावर किती जाहिरातदार बोली लावतात एवढेच तो सांगतो. फुकटच्या (जाहिरात नसलेल्या) निकालांत वर येणे सोपे की अवघड, याच्याशी त्याचा संबंध नाही.

हंगाम कधी चढतो हे गूगल ट्रेंड्स चांगले दाखवते. प्रदेश महाराष्ट्र, कालावधी ५ वर्षे, आणि तुलनेला "हापूस", "हापुस" आणि रोमन लिपीतले त्याचे स्पेलिंग असे वेगवेगळे टाका. लोक शुद्धलेखन पाहून शोधत नाहीत. मात्र तिथले १०० म्हणजे १०० शोध नव्हेत. निवडलेल्या काळातला आणि प्रदेशातला तो सर्वोच्च बिंदू असतो.

आणि एक गोष्ट तळमळीने सांगावीशी वाटते. शब्दामागे माल खरा हवा. हापूसला २०१८ साली मिळालेले भौगोलिक मानांकन सिंधुदुर्ग, रत्नागिरी, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांपुरते आहे. बाग अलिबागची असताना स्पर्धकाचा "देवगड हापूस" हा शब्द चिकटवला, तर ती ग्राहकाची फसवणूक आहे.

"डेन्सिटी ३ टक्के ठेवा"

असा कोणताही टक्का गूगलने सांगितलेला नाही. उलट शब्द कोंबणे त्याच्या स्पॅम धोरणात मोडते. शिवाय ही मोजणारी बरीच टूल्स इंग्रजीसाठी लिहिलेली असतात. काना-मात्रा-वेलांटी त्यांच्या लेखी अक्षरच नसते, म्हणून "हापूस"चे ह, प, स असे तीन तुकडे होतात आणि "पेटी"चे प आणि ट. पानावरचा सर्वात ठळक शब्द "प" निघाला, तर ते टूल मराठीसाठी निकामी समजा.

"डीए ३० च्या वर न्या"

डीए हा मोझ या कंपनीचा स्वतःचा १ ते १०० चा मापदंड आहे. गूगल तो वापरत नाही. तो वाढवण्यासाठी विकत घेतलेल्या लिंक गूगलच्या नियमांविरुद्ध आहेत, एवढे सांगून पुढे जाऊ.

"पेजस्पीड १०० करा"

पेजस्पीड इनसाइट्सचा मोठा गोल आकडा म्हणजे संथ जोडणीवरच्या एका मध्यम फोनची नक्कल करून घेतलेली चाचणी. लागोपाठ तीनदा चालवा, तीन आकडे येतील. खऱ्या वापरकर्त्यांची मागच्या २८ दिवसांची नोंद त्याच्या वर असते, पण वर्दळ कमी असलेल्या साइटला ती मिळतच नाही. मुख्य मजकूर २.५ सेकंदांत दिसावा, दाबल्यावर प्रतिसाद २०० मिलिसेकंदांत यावा, आणि पान उघडताना मजकूर हलण्याचे माप ०.१ च्या आत राहावे, हे उंबरे गाठले की पुरे. आंब्याच्या साइटवर दोष बहुधा फोटोंत असतो. फोनने काढलेला ४-५ एमबीचा फोटो जसाच्या तसा चढवलेला असतो. रुंदी १२०० पिक्सेल करा, वेबपी या हलक्या स्वरूपात २०० केबीच्या आत आणा, आणि पानाच्या माथ्यावरच्या फोटोला लेझी लोडिंग (खाली सरकल्यावरच फोटो उतरवण्याची सोय) लावू नका.

मग स्पर्धक पाहायचा कसा?

आकड्यांपेक्षा त्याची पाने वाचा. त्याच्या पत्त्यापुढे /robots.txt जोडून फाइल उघडा. तिथे बहुतेक वेळा साइटमॅपचा पत्ता असतो आणि साइटमॅपमध्ये पानांची यादी. त्याने "डझनाचा भाव", "पुण्यात घरपोच", "पिकवायचा कसा" अशी वेगळी पाने केली आहेत का ते पाहा. गेल्या वर्षीचा भाव वेबॅक मशीन या जुनी पाने साठवणाऱ्या साइटवर सापडू शकतो. चालू जाहिराती मेटाच्या ॲड लायब्ररीत आणि गूगलच्या ॲड्स ट्रान्सपरन्सी सेंटरमध्ये कोणालाही दिसतात. लिंकसाठी बिंग वेबमास्टर टूल्स (मायक्रोसॉफ्टच्या शोधयंत्राचे फुकट साधन) वापरा. स्वतःची साइट जोडली की तिथल्या बॅकलिंक (दुसऱ्या साइटवरून आलेल्या लिंक) विभागात दुसऱ्यांच्या साइटशी तुलना करता येते. फार थोडे लोक ते वापरतात.

"महिन्याभरात पहिल्या पानावर"

काही बदल काही तासांत दिसतात, काहींना कित्येक महिने लागतात, असे गूगलच सांगते. म्हणून काम मोहोराच्या वेळी सुरू व्हायला हवे, पेट्या भरताना नव्हे. तेव्हाच सर्च कन्सोल (आपली साइट गूगलच्या निकालांत कशी दिसते हे सांगणारे गूगलचे फुकट साधन) जोडा, कारण जोडण्याआधीची नोंद ते देत नाही. एरवी ते ३ महिने दाखवते, पण साठवण १६ महिन्यांची असते, त्यामुळे यंदाचा मे आणि गेल्या वर्षीचा मे शेजारी ठेवता येतात. तक्त्यात १००० ओळींपर्यंतच शोध दिसतात आणि फार थोड्या लोकांनी केलेले शोध लपवले जातात, म्हणून ओळींची बेरीज वरच्या एकूण क्लिकशी जुळली नाही तर बिघडले असे समजू नका. सरासरी क्रमांक ८ ते २० आणि इंप्रेशन (निकालांत दिसण्याची संख्या) भरपूर, असे शोध आधी निवडा. समजा "५ डझन पेटी भाव" असा शोध अकराव्या क्रमांकावर आहे आणि तुमच्या पानावर भाव लिहिलेलाच नाही. तो आजच लिहा, शीर्षकात घाला, आणि सर्च कन्सोलमधल्या यूआरएल तपासणीतून गूगलला पान पुन्हा वाचायला सांगा.