निराधार व्हायचंय? आधी एवढी तयारी करा

निराधार होणं हे येरागबाळ्याचं काम नाही. लोक उगाच घाई करतात. नवरा रात्री छातीत दुखतंय म्हणतो, सकाळी नसतो, आणि बाई कसलाही पूर्वअभ्यास न करता थेट विधवा होऊन तहसील कचेरीच्या दारात उभी राहते. मग कचेरीने तरी काय करायचं?

गेल्या महिन्यात मी तिथे पाच वेळा जाऊन आले. काम माझं नव्हतं. आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशींचं राज्य सरकारच्या संजय गांधी निराधार योजनेचं अनुदान सहा महिने आलं नव्हतं. महिना १,५०० प्रमाणे ९,००० रुपये. "चला, मी येते, अर्ध्या तासात होईल," असं मी मोठ्या तोऱ्यात म्हणाले. मी एम.कॉम. आहे, बावीस वर्षं बँकेत काढलीत, मला अर्ज भरता येतो, वेळ आली तर इंग्रजीत भांडताही येतं. मावशींनी तेव्हा माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं तिचा अर्थ मला तिसऱ्या खेपेला कळला.

तर पुढेमागे ज्यांना निराधार व्हायचा योग आहे (तो पत्रिकेत दिसत नाही), त्यांच्यासाठी हे चार अनुभवाचे बोल.

पहिलं म्हणजे वय बघून विधवा व्हा. केंद्र सरकारचं विधवा निवृत्तिवेतन चाळिशीपासून पुढे मिळतं. एकोणचाळिशीत नवरा जायला निघाला तर त्याला थोडं थांबवून धरा. थांबवून मिळणार किती, तर केंद्राचा वाटा महिना ३०० रुपये. हा आकडा २०१२ सालचा. तेव्हापासून तूरडाळ पुढे गेली, तेल पुढे गेलं, सिलिंडर तर धावतच सुटला, आणि हे तीनशे रुपये आपले आहेत तिथेच बसून. बहुधा त्यांनाही कोणीतरी "साहेब मीटिंगला गेलेत, बसा" असं सांगितलं असावं. बाकीची भर राज्य सरकार घालतं म्हणून निदान दीड हजार तरी होतात.

दुसरं, गरीब व्हायचंच असेल तर २००२ साली व्हायला हवं होतं. दारिद्र्यरेषेची यादी त्या सालच्या सर्वेक्षणाची. मावशींचा नवरा तेव्हा जिवंत होता, गवंडीकाम करत होता, घरात दोन वेळा चूल पेटत होती. म्हणजे ऐन सर्वेक्षणाच्या वेळी यांनी निष्काळजीपणे बऱ्यापैकी जगून घेतलं. त्याचे परिणाम आता भोगा.

नाव एकच ठेवा. आधारवर नावापुढे 'बाई' आहे, रेशनकार्डावर नाही, आणि नवऱ्याच्या मृत्यूच्या दाखल्यावर त्याच्या नावाला 'राव' लागलाय. आयुष्यभर ज्याला कोणी राव म्हटलं नाही त्याला मेल्यावर नगरपालिकेने राव केलं, आणि त्या एका रावापोटी मावशींना प्रतिज्ञापत्र करावं लागलं, की हे दोघे एकच गृहस्थ असून मी त्यांचीच बायको आहे.

आचारसंहितेत निराधार होऊ नका.

हाताचे ठसे जपा. आता हे जरा समजावून सांगते. डिसेंबर २०२४ पासून हे अनुदान डीबीटीने थेट खात्यात येतं, चांगली गोष्ट आहे, मधले हात गेले. मावशींचे पैसे का येत नाहीत, तर कचेरी म्हणाली, आधार लिंक नाही. बँक म्हणाली, लिंक आहे, सीडिंग नाही, म्हणजे सरकारचे पैसे याच खात्यात टाका अशी आधारवरची नोंद नाही. (मी बावीस वर्षं बँकेत होते. काउंटरच्या आतल्या बाजूने हे वाक्य किती सोपं वाटतं ते मला माहीत आहे. मीही ते लोकांना ऐकवलं असणार.) सीडिंगला ओटीपी हवा म्हणे. ओटीपी जातो तो ज्या नंबरवर, ते सिम रिचार्ज न केल्याने केव्हाच बंद पडलेलं. नवा नंबर आधारला जोडायचा तर आधार केंद्रात जाऊन अंगठा द्या. अंगठा उमटेना. उजवा नाही, डावा नाही. केंद्रातल्या मुलाने काच पुसली, मावशींचा अंगठा ओल्या फडक्याने पुसला, त्याला व्हॅसलीन लावलं. मशीन आपलं लाल. वीस वर्षं आमच्यासारख्यांची करपलेली पातेली काथ्याने घासल्यावर अंगठ्यावर रेघ उरते कुठे? शेवटी डाव्या हाताची करंगळी कशीबशी उमटली आणि आम्ही दोघींनी दहावीचा निकाल लागल्यासारखा आनंद केला. रांगेतले एक आजोबा म्हणाले, "निराधार लोकांकडे आधार मागतात, बघा." कोणी हसलं नाही. तो विनोद तिथे रोज होत असणार.

तेव्हा लक्षात ठेवा, ज्यांना निराधार व्हायचंय त्यांनी आयुष्यात भांडी घासू नयेत. माती उपसू नये, विटा वाहू नयेत, ऊसतोडीला जाऊ नये. हात मऊ ठेवावेत.

मग आला उत्पन्नाचा दाखला. इथे जरा बसून घ्या, पाणी प्या.

कुटुंबाचं उत्पन्न २१,००० रुपयांपेक्षा जास्त नको. महिन्याचं नव्हे हो, वर्षाचं. म्हणजे महिन्याला १,७५०, दिवसाला सत्तावन्न रुपये आणि वर काही पैसे. सत्तावन्न रुपयांत आमच्या नाक्यावर तीन वडापाव येतात. तेवढ्यात संपूर्ण कुटुंब एक दिवस जगलं पाहिजे, भाडं, औषध, वीजबिल धरून, तर ते शासनमान्य निराधार. चौथा वडापाव खाल्लात की तुम्ही सुखवस्तू.

आता गणित बघा. रोजगार हमी ही आपल्याच महाराष्ट्राची देणगी. १९७७ साली आपण कायदा केला, देशाने तो २००५ साली उचलला, त्याचा केवढा अभिमान आपल्याला. २०२५-२६ साठी राज्यात या कामाची मजुरी रोजची ३१२ रुपये ठरली. केंद्राची हमी तेव्हा शंभर दिवसांची. एखादी विधवा बाई अडुसष्ट दिवस खड्डे खणायला गेली की तिचे २१,२१६ रुपये होतात. संपलं! गेली मर्यादेबाहेर. म्हणजे एका सरकारी योजनेने वचन दिलेलं काम पुरतं केलं तर दुसऱ्या सरकारी योजनेतून नाव कापलं जायला पुरेसं आहे. अडुसष्टाव्या दिवशी कुदळ टाकून घरी बसणारी बाई तेवढी गरजू, आणि शंभर दिवस राबणारी लबाड. हे कोणी ठरवलं? कागदावर बेरीज-गुणाकार करून बघायला एक मिनिट लागतं. मी तिथल्या बाकावर बसून झेरॉक्सच्या मागे केला.

मावशी चार घरची कामं करतात. घरटी १,२०० रुपये. एका घरची भांडी घासली तर वर्षाचे १४,४००, म्हणजे निराधार. दुसऱ्या घरात पाय ठेवला की २८,८००, म्हणजे आधार मिळाला. कोणाचा, तर दुसऱ्या घरच्या कढईचा.

आणि शेजारच्या खिडकीवर लाडकी बहीण! तिथे कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखांपर्यंत चालतं. माझा त्याला आक्षेप नाही, बायकांच्या हातात पैसा जातोय तर जाऊ द्या. पण अडीच लाखांचे महिन्याला २०,८३३ होतात. म्हणजे बहिणीच्या घरात महिन्याला जेवढं यायला परवानगी आहे, जवळजवळ तेवढंच विधवेच्या घरात वर्षाला यायला परवानगी आहे. देणार किती? दोघींना १,५००च. नवरा मेल्यावर बाई गरीब होते असा आपला माझा समज होता. सरकारच्या मते तिचा खर्च बारापट कमी होतो.

तर आम्ही उत्पन्नाच्या चौकशीला तलाठ्याकडे गेलो. (तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं. पदाचं नाव लांबलं, रांगही.) त्यांनी विचारलं, "काय काम करता?" मावशींनी खरं सांगितलं. चार घरं. तो माणूस वाईट नव्हता. त्याने पेन खाली ठेवलं आणि हळूच म्हणाला, "मावशी, असं सांगू नका. एकच घर सांगा." मावशी म्हणाल्या, "पण मी चार करते की." तो माझ्याकडे बघायला लागला. मीही मावशींकडे बघून मान हलवली. हो, हलवली. एम.कॉम., बावीस वर्षं बँक, आयुष्यात कधी खोटं व्हाउचर पास केलं नाही, आणि मी एका बाईला सरकारी कागदावर खोटं बोलायला लावलं. कारण खरं बोलली असती तर तिचे नऊ हजार गेले असते.

उत्पन्न लिहिलं वीस हजार. तुमच्या तालुक्यातले असे दाखले काढून बघा. वीस हजार, अठरा हजार, वीस हजार. सगळा तालुका सत्तावन्न रुपयांच्या आत जगतोय. खाली सही करणाऱ्याला माहीत आहे, वर मंजूर करणाऱ्याला माहीत आहे, ज्यांनी मर्यादा घालून दिली त्यांनाही माहीत आहे. आणि मग एक दिवस कोणीतरी माईकवर उभा राहून म्हणणार, बोगस लाभार्थ्यांना शोधून काढू! शोधा ना. तुम्हीच बनवलेत.

बाहेर झेरॉक्सच्या टपरीजवळ एजंट उभा असतो. त्याचे दोन हजार. मी रागावून नाही म्हटलं. पाच खेपा, पाच दिवसांचे बुडालेले खाडे, रिक्षा, झेरॉक्स, प्रतिज्ञापत्र, हा सगळा हिशेब लावला तर एजंट स्वस्त होता.

आता शेवटची टीप, खास परित्यक्तांसाठी. नवऱ्याने टाकलं तरी त्याचा फोन नंबर टाकू नका. मावशींची मुलगी चार वर्षांपूर्वी माहेरी आली. घटस्फोट झालेला नाही, त्याला वकील लागतो. ती लाडकी बहीण आहे. २०२५ साली ई-केवायसी आलं, तर त्यात पती किंवा वडिलांचा आधार आणि त्यांच्या मोबाइलवरचा ओटीपी. वडील वारलेले. ज्यांचे नवरे आणि वडील दोघेही गेलेत, ज्यांचा घटस्फोट झालाय, त्यांच्यासाठी नंतर सोय केली म्हणे, दाखले अंगणवाडीताईंकडे द्या. पण जिचा नवरा जिवंत आहे आणि नांदवत नाही, तिने दाखला कसला द्यायचा? मार खाल्ल्याचा? तिने चार वर्षांनी त्या माणसाला फोन केला. तो म्हणाला, "ओटीपी देतो. मला त्यातले किती देशील?"

विचार करा. एक बाई मार खाऊन, रात्रीच्या एसटीने, पोर कडेवर घेऊन त्या घरातून बाहेर पडली, आणि योजना तिला म्हणाली, जा, त्याच्याकडून सहा आकडे मागून आण. मंत्रालयात ज्यांनी हा फॉर्म केला त्या खोलीत एकही बाई नव्हती? एकाच्याही बहिणीला कधी नवऱ्याने टाकलं नव्हतं?

मला आता टिपा वगैरे काही सुचत नाही.

बाबांनो, लाजा वाटू द्या. खिडकीच्या आतल्यांनो, तुम्ही वाईट नाही, तुम्हाला तीन टेबलांचं काम एकट्याला आहे हेही दिसतं. पण साठीची बाई पाय चोळत उभी असताना "उद्या या" म्हणताना एकदा मान वर करून तिच्याकडे बघायला काय पैसे पडतात? उद्या म्हणजे तिचा पुन्हा एक खाडा. काय आणायचं ते सगळं एकदाच एका कागदावर लिहून द्या. सेवा हक्काचा कायदा २०१५ सालचा आहे, उत्पन्नाचा दाखला किती दिवसांत द्यायचा त्याची पाटी तुमच्याच भिंतीवर आहे, तिच्यापुढे कपाट सरकवून ठेवलंय. ते कपाट हलवा. आणि ती एकवीस हजारांची मर्यादा ज्यांच्या हातात आहे त्यांनी ती आधी बदला. बहिणीला अडीच लाख चालतात, मग विधवेने काय घोडं मारलंय?

आणि तुम्ही, माझ्या सोसायटीच्या ग्रुपवरचे. मी परवा हे सगळं तिथे लिहिलं, तर पहिलं उत्तर आलं, "फुकट वाटून वाटून लोक आळशी झालेत, कामाला बाई मिळत नाही." अहो, तुम्हाला मिळालेली बाई महिना १,२०० वर रोज तुमची भांडी घासते! गेली तीन वर्षं तुम्ही तो आकडा वाढवलेला नाही. दिवाळीला एक साडी देता, तीही तुम्हाला आलेली. आळशी कोण? सहा महिने पैसे आले नाहीत म्हणून त्या बाईने एक दिवस तुमचं काम चुकवलं नाही. चुकवलं ते माझं, कारण मीच बरोबर होते.

आणि हो, ते १,२०० मीही देते. घरटी दर सगळ्यांचा एकच, आम्ही बायकांनीच तो ठरवलाय.

परवा मावशींच्या खात्यात साडेचार हजार जमा झाले. तीन महिन्यांचे. उरलेल्या तीन महिन्यांचं काय, ते विचारायला पुढच्या सोमवारी परत जायचंय. सकाळी मावशी आल्या, भांड्यांना लागल्या नाहीत, ओट्याला टेकून उभ्या राहिल्या.

"वहिनी, कागदावर एकच घर लिहिलंय ना. मग बाकीची तीन सोडावी लागतील का मला?"

मी म्हटलं, नाही हो, तसं काही नसतं.

"नाही, चौकशीला आले तर म्हणून विचारते," त्या म्हणाल्या. "आणि धरून ठेवायचं ते घर कुठलं सांगू? तुमचंच सांगू ना?"