इनलाइन काय नि मल्टी-स्टेटमेंट काय, म्हणे एकच!

एसक्यूएल सर्व्हर या मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेसवर काम करणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज पुन्हा पुन्हा फिरत येतो. महापे, ऐरोली, वागळे इस्टेट, जिथे म्हणून डेटाबेसची कामं चालतात तिथे तो कुणी ना कुणी पुढे ढकललेला असतो. थोडक्यात मजकूर असा: टेबल परत करणारी फंक्शनं इनलाइन आणि मल्टी-स्टेटमेंट अशा दोन प्रकारची असली तरी फरक फक्त लिहिण्याच्या पद्धतीचा, मल्टी-स्टेटमेंट वापरा, कारण त्यातलं टेबल मेमरीत राहतं म्हणून ते जलद, पूर्वी काही त्रास होता तो २०१७च्या आवृत्तीत संपला, इफ-एल्स किंवा लूप आला की इनलाइन तसंही चालत नाही, आणि हेच पोस्टग्रेस, ओरॅकल या इतर डेटाबेसनाही लागू. पुरावा म्हणून खाली एक्झिक्युशन प्लॅनचा, म्हणजे सर्व्हर क्वेरी (डेटाला विचारलेला प्रश्न) कोणत्या पायऱ्यांनी चालवतो त्या आराखड्याचा, स्क्रीनशॉट, त्यात फंक्शनचा खर्च शून्य टक्के.

एकेक घेऊ. उदाहरण जवळचंच धरतो. वाशीच्या मार्केट यार्डात कांदा-बटाटा, भाजीपाला, फळं, मसाला आणि धान्य अशी पाच मार्केटं. समजा तिथल्या व्यापाऱ्यांसाठी हिशोबाचं सॉफ्टवेअर आहे आणि त्यात ‘गाळाबाकी’ नावाचं एक फंक्शन आहे: गाळा नंबर आणि तारीख द्या, त्या गाळ्यावरच्या प्रत्येक खरेदीदाराकडे किती उधारी आहे ते टेबलाच्या रूपात परत मिळतं.

‘फरक फक्त लिहिण्याचा’

लिहिण्यात फरक आहेच. इनलाइनमध्ये एकच रिटर्न आणि त्यात एकच सिलेक्ट. बिगिन-एंड नाही, कॉलमांची यादी नाही. मल्टी-स्टेटमेंटमध्ये आधी परत द्यायच्या टेबलाची रचना जाहीर करायची, मग बिगिन-एंडमध्ये ते टेबल भरायचं. पण खरा फरक सर्व्हर त्या दोघांशी कसा वागतो त्यात आहे. इनलाइन फंक्शन हा पॅरामीटर (बाहेरून दिलेली किंमत) घेणारा व्ह्यू, म्हणजे नाव देऊन ठेवलेली क्वेरी, समजा. क्वेरी कंपाइल होताना त्याचा मजकूर बाहेरच्या क्वेरीत मिसळला जातो आणि ऑप्टिमायझरला, म्हणजे प्लॅन ठरवणाऱ्या भागाला, खालची खरी टेबलं, त्यांचे इंडेक्स (चटकन शोधायच्या सूची), त्यांची स्टॅटिस्टिक्स (डेटा कसा पसरला आहे त्याचे आकडे) सगळं दिसतं. मल्टी-स्टेटमेंट म्हणजे बंद खोका. आत काय चाललंय ते बाहेरच्या क्वेरीला कळत नाही, फक्त भरलेलं टेबल हातात येतं.

म्हणून ‘गाळाबाकी’तून कुणी एकाच खरेदीदाराची बाकी मागितली, म्हणजे बाहेर व्हेअरमध्ये खरेदीदार नंबर लावला, तर इनलाइनमध्ये ती अट थेट खतावणीच्या टेबलापर्यंत खाली जाते आणि योग्य इंडेक्स असेल तर त्या एका खरेदीदाराच्याच नोंदी वाचल्या जातात. मल्टी-स्टेटमेंटमध्ये आधी गाळ्यावरच्या सगळ्या खरेदीदारांची बाकी काढून टेबलात भरली जाते, मग त्यातली एक ओळ उचलली जाते. टॉप १० मागितलं तरी तेच, नुसतं ‘आहे का नाही’ विचारलं तरी तेच.

सर्व्हर स्वतःसुद्धा या दोघांना एक मानत नाही. सिस ऑब्जेक्ट्स या सर्व्हरच्या स्वतःच्या यादीत इनलाइनचा प्रकार आयएफ, मल्टी-स्टेटमेंटचा टीएफ अशी वेगळी नोंद असते. आणि इनलाइन फंक्शनवर, व्ह्यूवर चालतो तसा, अपडेटही चालतो! ही सोय वापरावी असं मी म्हणणार नाही, पण दोन्ही एकच म्हणणाऱ्यांनी हे मल्टी-स्टेटमेंटवर करून दाखवावं.

‘टेबल मेमरीत राहतं’

हा समज फार जुना आहे आणि मरत नाही. मल्टी-स्टेटमेंट ज्यात भरतं ते टेबल व्हेरिएबल असतं आणि टेबल व्हेरिएबलची जागा टेंपडीबी या तात्पुरत्या कामाच्या डेटाबेसमध्ये असते, टेंप टेबलाची असते तिथेच. त्याची पानं बफर पूल या मेमरीतल्या साठ्यात असू शकतात, पण तशी ती कुठल्याही टेबलाची असतात. वर त्यावर स्टॅटिस्टिक्स बनत नाहीत. शिवाय जे टेबल इनलाइनला बनवावंच लागत नाही ते मेमरीत बनवलं म्हणून जलद, हा कुठला हिशोब?

ते टेबल भरण्याचं काम समांतर चालत नाही, हेही मेसेजमध्ये नाही. सर्व्हरला कितीही कोअर असोत, टेबल व्हेरिएबलमध्ये इन्सर्ट एकाच थ्रेडवर होतं.

‘प्लॅनमध्ये खर्च शून्य टक्के’

या स्क्रीनशॉटवर थोडं थांबायला हवं, कारण बाकीच्या मेसेजपेक्षा लोक त्यालाच फसतात. चित्र दिसलं की पुरावा झाला!

प्लॅनमधले टक्के हे अंदाज असतात. क्वेरी चालवून ‘ॲक्च्युअल प्लॅन’ काढला तरी ओळींची संख्या खरी येते, पण खर्चाचे टक्के अंदाजाचेच राहतात. मल्टी-स्टेटमेंट फंक्शनसाठी ऑप्टिमायझरचा ओळींचा अंदाज ठोकळ असतो: २०१४च्या आधीच्या आवृत्त्यांत १ ओळ, २०१४च्या नव्या अंदाजपद्धतीत १०० ओळी. गाळ्यावर खरेदीदार पाच असोत की पाच हजार, आकडा तोच. १ ओळ वाचायला खर्च किती येणार? शून्याच्या आसपास. स्क्रीनशॉटमधला शून्य इथून आला आहे. फंक्शनला लागलेल्या वेळाशी त्याचा काही संबंध नाही.

पुढे हाच चुकीचा अंदाज बाकीची क्वेरी बिघडवतो. १ ओळ येणार असं धरून ऑप्टिमायझर नेस्टेड लूप जॉइन निवडतो. प्रत्यक्षात ओळी हजारोंनी येतात आणि पलीकडच्या टेबलात तितक्या वेळा शोध घेतला जातो. सॉर्टसाठी मेमरी मागितलेली असते मूठभर, ती पुरत नाही आणि काम टेंपडीबीत सांडतं. मग प्लॅनमध्ये लाल दिसतो तो हा सॉर्ट किंवा पलीकडचा इंडेक्स. बिचारा डेव्हलपर त्याच्या मागे लागतो, इंडेक्सवर इंडेक्स बनवतो, आणि फंक्शन मात्र शून्य टक्क्यांचा सदरा घालून निवांत बसलेलं असतं.

टेबलांची किती पानं वाचली (रीड्स) ते मोजणारं स्टॅटिस्टिक्स आयओ लावलं तरी उलगडा होत नाही. तिथे फंक्शनच्या आतल्या टेबलांवरचे रीड्स येतच नाहीत. हॅशने सुरू होणारं, आकडे-अक्षरांच्या विचित्र नावाचं एक टेबल आणि त्याचे थोडेसे रीड्स दिसतात. ते भरलेल्या टेबल व्हेरिएबलचे वाचन. खतावणीवरचे लाखो रीड्स कुठे गेले? गेले कुठेच नाहीत, फक्त दाखवले नाहीत. ॲक्च्युअल प्लॅनमध्ये फंक्शनच्या आतला प्लॅन दिसत नाही, तर क्वेरी न चालवता काढलेल्या एस्टिमेटेड प्लॅनमध्ये तो वेगळा काढून दाखवला जातो. म्हणजे खरं बघायला अंदाजाचा प्लॅन उघडायचा, असा उलटा कारभार आहे. आतल्या स्टेटमेंट्सना प्रत्यक्ष किती वेळ आणि रीड्स लागले ते पाहायचं तर एक्स्टेंडेड इव्हेंट्स या घटना टिपणाऱ्या सोयीत मॉड्यूलच्या आतलं स्टेटमेंट पूर्ण झाल्याची घटना पकडा, किंवा क्वेरी स्टोअर (चाललेल्या क्वेरींची नोंद) चालू असेल तर त्यात फंक्शनच्या ऑब्जेक्ट आयडीवर शोधा. फंक्शन स्टॅट्स नावाचा जो डीएमव्ही (सर्व्हरची आतली स्थिती दाखवणारा व्ह्यू) २०१६मध्ये आला त्यात शोधण्यात वेळ घालवू नका, टेबल परत करणारी फंक्शनं त्यात येत नाहीत.

‘२०१७ नंतर त्रास संपला’

यात अर्धं खरं आहे, म्हणून नीट बघू. २०१७मध्ये इंटरलीव्ह्ड एक्झिक्युशन आलं. त्यात सर्व्हर ऑप्टिमायझेशन मध्येच थांबवतो, मल्टी-स्टेटमेंट फंक्शन आधी चालवतो, किती ओळी आल्या ते मोजतो आणि त्या खऱ्या आकड्यावर उरलेला प्लॅन बनवतो. सुधारणा चांगली आहे, तिला नावं ठेवायचं कारण नाही.

पण तिच्या अटी बघा. डेटाबेसची कंपॅटिबिलिटी लेव्हल, म्हणजे तो कोणत्या आवृत्तीसारखा वागणार ते ठरवणारा आकडा, १४० किंवा वर हवी. जुन्या सर्व्हरवरचा बॅकअप नव्यावर रिस्टोअर केला की लेव्हल जुनीच राहते, आणि ती वाढवायला कुणी सहसा धजावत नाही. २०१९चा सर्व्हर आणि लेव्हल ११० हे दृश्य दुर्मीळ नाही. डेटा बदलणाऱ्या स्टेटमेंटमध्ये हे चालत नाही. क्रॉस अप्लायमध्ये प्रत्येक गाळ्यासाठी ‘गाळाबाकी’ बोलावलं, म्हणजे पॅरामीटर बाहेरच्या टेबलातून आला, तिथेही नाही. आणि आपल्याकडच्या रिपोर्टांमध्ये फंक्शन बोलावण्याची हीच तर नेहमीची पद्धत!

जिथे चालतं तिथेही सुधारतो तो फक्त ओळींचा अंदाज. बाहेरची अट आत जात नाही, टेबल पूर्ण भरावंच लागतं, भरणं एकाच थ्रेडवर. शिवाय पहिल्या वेळी मोजलेला आकडा प्लॅनबरोबर कॅशमध्ये बसतो. पहिला कॉल लहानशा गाळ्याचा आला आणि नंतर मोठ्या व्यापाऱ्याचा, तर मोठ्यालाही लहानाचाच प्लॅन. २०१९मध्ये फंक्शन आपोआप इनलाइन होण्याची जी सोय आली ती एकच किंमत परत करणाऱ्या स्केलर फंक्शनांसाठी आहे. मेसेजवाल्याने या दोन गोष्टींची गल्लत केली असावी, असा माझा संशय आहे.

‘इफ-एल्स, लूप आला की इनलाइन चालत नाही’

शब्दशः बरोबर, व्यवहारात बहुतेकदा चूक. ‘रोखीचा गाळा असेल तर या टेबलातून, उधारीचा असेल तर त्या टेबलातून’ असा इफ असेल तर दोन सिलेक्ट युनियन ऑलने जोडा आणि प्रत्येकात पॅरामीटरची अट घाला. अट नुसती पॅरामीटरवर असली की सर्व्हर सहसा तिथे स्टार्टअप फिल्टर लावतो आणि लागू नसलेली बाजू चालवतच नाही.

लूपचं नेहमीचं कारण म्हणजे खतावणीतली चालती बाकी: आधीची बाकी, अधिक आजची उचल, वजा आजची जमा. यासाठी कर्सर (एकेक ओळ घेत जाणारा लूप) फिरवणारी फंक्शनं आजही कितीतरी कोडमध्ये सापडतात. २०१२पासून सम ओव्हर या ओळींच्या गटावरच्या बेरजेत ऑर्डर बाय चालतं. खरेदीदारावर पार्टिशन, तारीख आणि पावती नंबरवर ऑर्डर, झालं काम. एक मात्र पाळा: ‘रोज अनबाउंडेड प्रिसीडिंग’ (इथे रोज म्हणजे rows, ओळी) स्पष्ट लिहा. न लिहिल्यास रेंज धरलं जातं, ते हळू तर असतंच, शिवाय ऑर्डर नुसत्या तारखेवर असेल तर त्या दिवसाच्या सगळ्या पावत्यांसमोर एकच बाकी छापून येते. आणि इथे बाहेरची तारखेची अट आत जाणार नाही, जायलाही नको. गेली तर मागची बाकी कापली जाऊन हिशोबच चुकेल. खरेदीदाराची अट जाते, कारण पार्टिशन त्यावरच आहे.

आता मल्टी-स्टेटमेंटच्या बाजूनेही बोलायला हवं, कारण ‘नेहमी इनलाइनच’ असं सांगणारेही ग्रुपवर आहेतच. रिकर्सिव्ह सीटीई (स्वतःलाच पुन्हा बोलावणारी क्वेरी) १०० पायऱ्यांच्या पुढे जाणार असेल तर मॅक्सरिकर्शन द्यावं लागतं, आणि तो पर्याय इनलाइन फंक्शनच्या आत लिहिता येत नाही, प्रत्येक बोलावणाऱ्याला आपल्या क्वेरीत लिहावा लागतो. मल्टी-स्टेटमेंटमध्ये तो आत ठेवता येतो. इनलाइनवर इनलाइन, त्यावर आणखी इनलाइन रचून क्वेरी इतकी फुगते की ऑप्टिमायझरच्या हाताबाहेर जाते. मधला टप्पा एकदा भरून ठेवलेला बरा पडतो. निकाल कायम थोड्या ओळींचा असेल, वर्षाचे महिने किंवा मालाचे प्रकार, तर कुठलंही वापरा, कुणी फरक मोजणार नाही. मात्र मधला टप्पाच लाखो ओळींचा असेल तर फंक्शनचा हट्ट सोडून स्टोअर्ड प्रोसीजर (सर्व्हरवर साठवलेला स्टेटमेंटांचा संच) लिहा. तिथे खरं टेंप टेबल बनवता येतं, त्याला स्टॅटिस्टिक्स मिळतात. फंक्शनमध्ये टेंप टेबल बनवायला परवानगीच नाही.

‘पोस्टग्रेस, ओरॅकललाही हेच लागू’

नाही. पोस्टग्रेसमध्ये एसक्यूएल भाषेत लिहिलेलं, एकाच सिलेक्टचं फंक्शन फ्रॉममध्ये वापरलं तर ते क्वेरीत मिसळू शकतं, पण त्याला स्टेबल किंवा इम्यूटेबल (डेटा न बदलणारं) म्हणून जाहीर केलेलं हवं, आणि ते स्ट्रिक्ट (नल आलं की न चालणारं) किंवा सिक्युरिटी डिफायनर (मालकाच्या हक्कांनी चालणारं) नको. काही न लिहिता सोडलं तर ते व्होलाटाइल (दर वेळी वेगळं उत्तर देऊ शकणारं) धरलं जातं आणि मिसळत नाही. एका शब्दावाचून अडलेली अशी फंक्शनं पुष्कळ दिसतात. पीएल-पीजीएसक्यूएल या पोस्टग्रेसच्या दुसऱ्या भाषेतलं फंक्शन कधीच मिसळत नाही, त्याचा डीफॉल्ट अंदाज १००० ओळींचा. आकडा आपण ‘रोज’ (rows) या शब्दाने बदलू शकतो. एक्स्प्लेन या प्लॅन दाखवणाऱ्या आज्ञेत ‘फंक्शन स्कॅन’ आलं तर मिसळलं नाही, खालच्या टेबलांची नावं आली तर मिसळलं.

ओरॅकलची पाइपलाइन्ड फंक्शनं तर ओळ तयार झाली की लगेच पुढे देतात, सगळं भरेपर्यंत थांबत नाहीत. अंदाज तिथेही ठोकळच: डेटाबेसचा ब्लॉक ८ केबीचा असेल तर ८१६८ ओळी. मायएसक्यूएलमध्ये आपण लिहिलेलं, टेबल परत करणारं स्टोअर्ड फंक्शन असा प्रकारच नाही.

मेसेज वाचून ज्यांनी आधीच मल्टी-स्टेटमेंट लिहून ठेवलं आहे आणि आता बदलणार आहेत, त्यांच्यासाठी एक व्यवहाराची गोष्ट. टीएफचं (मल्टी-स्टेटमेंटचं) आयएफ (इनलाइन) अल्टर या बदलायच्या आज्ञेने होत नाही, क्रिएट ऑर अल्टरनेही नाही. सर्व्हर एरर देतो. ड्रॉप करून नव्याने बनवावं लागतं आणि ड्रॉपबरोबर त्यावर दिलेल्या परवानग्या जातात. ग्रँटची स्क्रिप्ट आधी काढून ठेवा, नाहीतर पहाटे आवक सुरू झाली की बिलिंगच्या स्क्रीनवर परमिशन डिनाइड येईल आणि फोन तुमचाच वाजेल.