चार इंची इंटरकूलर आणि आंबोलीचा चढ : 'लाल माती' यांना उत्तर

लाल माती साहेब (खरं नाव दिलं नाहीत, तेव्हा हेच वापरतो),

तुमची प्रतिक्रिया रात्री वाचली आणि चिडलो. सकाळी परत वाचली तेव्हा त्यातलं निम्मं बरोबर निघालं, म्हणून जास्त चिडलो.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. मागच्या लेखात मी लिहिलं होतं की घाटात पळवायच्या टर्बो पेट्रोल गाडीला चार इंच जाडीचा इंटरकूलर (टर्बोने दाबून तापवलेली हवा इंजिनात जाण्याआधी वाऱ्याने निववणारा भाग) लावू नका. कंपनीचाच ठेवा आणि त्याच्यापर्यंत वारा नीट पोचवा. त्यावर तुमचं म्हणणं असं की माझे तापमानाचे आकडे हिवाळ्या-उन्हाळ्याची खिचडी आहेत; जगभरचे ट्यूनर (गाडीची ताकद वाढवून देणारे) जाड कोर (इंटरकूलरचा नळ्यांचा गाभा) लावतात ते काय वेडे म्हणून नाही; जाड कोरमध्ये हवेचा दाब जास्त घटतो हे मी उलटं लिहिलंय; आणि कोकणात पारा ३३-३४च्या वर फारसा जात नाही, तेव्हा इंटरकूलरची काळजी विदर्भवाल्यांनी करावी. वर 'कीबोर्डवरून घाट चढू नका' हा आहेर.

आकड्यांचं कबूल. कंपनीच्या इंटरकूलरची नोंद जानेवारीतल्या सकाळची होती, चार इंचीची एप्रिलमधल्या दुपारची. बाहेरच्या हवेतच ११ अंशांचा फरक होता आणि मी तो लेखात सांगितला नाही. विसरलो असं लिहिणार होतो, पण खरं सांगायचं तर उत्तर मनासारखं आलं म्हणून परत तपासायला गेलो नाही.

आता तपासलं. एकाच आठवड्यात, दुपारी अडीचच्या सुमारास, घाटाच्या पायथ्याच्या दाणोलीपासून आंबोलीपर्यंत तीन खेपा. बाहेर ३३ अंश, बूस्ट (टर्बोने वातावरणाच्या वर चढवलेला दाब) १ बार. या वेळी टर्बोतून हवा निघते तिथे पायपात थर्मोकपल (तापमान मोजायची तार) बसवलं, कारण इंटरकूलरमधून बाहेर किती तापमानाची हवा आली हे आत किती तापलेली गेली त्यावाचून अर्धंच कळतं. टर्बोतून हवा १३० अंशांच्या आसपास निघत होती. कागदावरचा हिशोबही तेवढाच येतो: ३३ अंशांची हवा दुप्पट दाबली आणि ती दाबणाऱ्या टर्बोतल्या कंप्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर १२९. घाटाच्या वरच्या टप्प्यात, पाय पूर्ण दाबलेला असताना, कंपनीचा इंटरकूलर ती हवा ६६वर आणत होता. चार इंची ६० वर. म्हणजे सहा अंश तुमच्या बाजूने. मागच्या लेखात मी 'काहीच फायदा नाही' लिहिलं होतं, ते मागे घेतो.

दाबाबद्दलही तुम्ही बरोबर आहात. कोर जाड केला की आतल्या हवेला समांतर वाटा वाढतात, दाबाची घट कमी व्हायला हवी. मग माझ्या गाडीत ती जास्त का झाली? कोर काढून टॉर्च मारून पाहिलं. आतल्या फिना (पातळ पत्र्याच्या पट्ट्या) इतक्या दाट की पलीकडचा उजेड जेमतेम दिसत होता, आणि दोन्ही बाजूच्या टाक्या म्हणजे चौकोनी डबे. पाइपातून आलेली हवा समोरच्या भिंतीवर आपटून काटकोनात वळते आणि वरच्या तीनचार ओळींना तर ती धड मिळतही नसावी. तेव्हा दोष जाडीचा नव्हता, मी घेतलेल्या स्वस्त मालाचा होता. पण हिशोब बघा. ६६वरून ६० म्हणजे हवेची घनता पावणेदोन टक्क्यांनी वाढली. दाब कंपनीच्या कोरपेक्षा ०.१ बार जास्त घटला, म्हणजे एकूण २ बारांतले (एक वातावरणाचा, एक टर्बोचा) पाच टक्के गेले. ईसीयू (इंजिनाचा संगणक) तो खड्डा भरायला टर्बोला आणखी पळवतो आणि हवा आणखी तापते. एका हाताने घ्यायचं, दुसऱ्याने द्यायचं.

आता ट्यूनर लोकांचं. वेडे ते नाहीत, त्यांची शर्यत वेगळी आहे. ड्रॅग स्ट्रिपवर, म्हणजे सरळ पट्टीवरच्या शर्यतीत, काम पाव मैलाचं, दहा-पंधरा सेकंदांचं. तेवढ्या वेळात जाड अॅल्युमिनियम उष्णता नुसती पोटात घेतो आणि हवा थंड सोडतो. पुढच्या फेरीपर्यंत निवायला भरपूर वेळ असतो. आपल्याकडे घावन घालायचा बिडाचा तवा असतो ना, तसंच. तापायला वेळ घेतो, म्हणून पहिलं घावन नेहमी फसतं. पण एकदा तापला की गॅस बंद करून अर्धा तास झाला तरी हात लावायची सोय नाही. आंबोलीचा चढ दहा सेकंदांचा नाही. पहिली दोन वळणं चार इंचीने मजा आणली, आकडा ४५च्या वर जाईना. निम्म्या घाटात तो तापला तो तापलाच. वर चहा घेऊन परत बसलो तरी आकडा ५०च्या खाली नव्हता. (थांबलेल्या गाडीत सेन्सर मॅनिफोल्डच्या (इंजिनाला हवा वाटणाऱ्या भागाच्या) आचेनेही तापतो, हे तुम्ही सांगायच्या आधी मीच सांगतो.)

शिवाय जाड कोरमधून जाणारा बाहेरचा वारा निम्म्यातच तापतो. मागच्या दोन इंचांना मिळते ती गरम हवा, आणि तीच पुढे एसीच्या कंडेन्सरवर आणि रेडिएटरवर जाते. म्हणून जागा असेल तर कोर जाड करण्यापेक्षा रुंद आणि उंच करावा, वाऱ्याला सामोरा भाग वाढवावा. ८० च्या वेगाला वारा जाड कोरमधूनही घुसेल. वळणावळणाच्या चढावर गाडी ३०-४०ने जाते, इंजिनावर भार मात्र पूर्ण. तिथे वाऱ्याला जोर नसतो, आणि जोर नसलेला वारा सोपी वाट धरतो.

हे मी चार वर्षं वाचून होतो. पाहिलं कुडाळात, आमच्या मेकॅनिककाकांच्या गॅरेजमध्ये. चार इंची बसवून त्यांना दाखवायला नेला तेव्हा बंपरमध्ये वाकून बघत म्हणाले, "मेल्या, हेका वारो खंयसून गावतलो?" मग आतून टेबलफॅन आणला, बंपरसमोर लावला, आणि देवाजवळची उदबत्ती पेटवून माझ्या हातात दिली. धूर जाळीतून आत गेला आणि कोरच्या तोंडाशी येऊन सरळ वर वळला, बॉनेटच्या फटीतून बाहेर. थोडा बाजूने चाकाकडे. कोरमधून म्हणाल तर एक रेघ. नंबरप्लेट खाली सरकवली तर दोन रेघा झाल्या. पंख्याचा वारा म्हणजे रस्त्यावरचा वारा नव्हे, मान्य, पण धुराने जे दाखवलं ते माझ्या सगळ्या ग्राफांनी दाखवलं नव्हतं.

मग कंपनीचाच कोर परत बसवला. पाट्या रंगवणाऱ्याकडून अॅल्युमिनियमचा उरलेला पत्रा आणला, बंपरच्या तोंडापासून कोरच्या चारी कडांपर्यंत खोका केला, आणि फटींत फोमच्या पट्ट्या कोंबल्या. दीड दिवसाचं काम, बोटं कापली ती वेगळी. तिसरी खेप याची: त्याच चढावर ५५. चार इंचीपेक्षा पाच अंश कमी, आणि दाब कंपनीने दिलेला तसाच. तुम्ही म्हणाल, मग चार इंचीलाही खोका करून बघायला हवा होता. हवा होता. तोवर तो विकून टाकला होता.

३३ अंशांचा मुद्दा मात्र मला पटत नाही. इंटरकूलरला झुंजायचं असतं ते टर्बोने तापवलेल्या १३०शी. बाहेर ४५ असले तर त्याचं काम अवघड होतं हे खरं, पण ३३ला ते संपत नाही. आणि आपल्याकडे वेगळंच दुखणं आहे, दमटपणा. ३० अंश आणि ८५ टक्के आर्द्रता असली की हवेत सुमारे साडेतीन टक्के जागा वाफेने अडवलेली असते; तेवढा प्राणवायू कमी. त्यावर इंटरकूलर काही करू शकत नाही, गरम हवेचा तोटा त्यात भरीला पडू नये इतकंच बघायचं.

पावसात आणखी गंमत. बाहेर २७ अंश, ९० टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू (ज्या तापमानाला वाफेचं पाणी होतं तो) २५च्या आसपास असतो. तीच हवा टर्बोने दीडपट दाबली की तो ३२वर चढतो. कणकवलीपर्यंत आरामात, हलक्या बूस्टवर जा. कोरच्या पुढच्या थंड नळ्यांना आतून घाम येतो. गेल्या ऑगस्टमध्ये खालचा होज सोडला तर तेलकट पाणी निघालं, दोनतीन चमचे. इंजिनाला त्याने काही होत नाही, पण पाहून दचकायला होतं.

इंटरकूलरवर पाण्याचा फवारा मारायचं तुम्ही सुचवलंत ते चांगलं आहे. सुबारूने इम्प्रेझा एसटीआयला कंपनीतूनच दिला होता, मित्सुबिशीने ईव्होला. बॉनेट कापून स्कूप (वारा आत घ्यायचं तोंड) करायचं मात्र सोडून द्या. जुन्या स्कॉर्पिओला तो शोभतो कारण तिचा इंटरकूलर इंजिनाच्या डोक्यावरच आहे. पोर्शने १९७८च्या ९३०ला इंटरकूलर मागच्या स्पॉयलरखाली बसवला, कारण इंजिन तिथे होतं. आपला पुढे आहे, त्याला वारा पुढूनच हवा.

एक राहिलं. तुम्ही लिहिलंय की गाडी समुद्रापासून दोनशे मीटरवर उभी असते. फिनांवर पांढरी भुकटी धरली असेल तर साध्या नळाच्या पाण्याने धुवा, प्रेशर वॉशरने नको, फिना आडव्या होतात. लोखंडी ब्रॅकेट आणि अॅल्युमिनियमच्या मध्ये रबरी वॉशर घाला. खाऱ्या हवेत ते दोन धातू चिकटून राहिले की अॅल्युमिनियम आधी खल्लास.

तुमच्याकडे चार इंची अजून आहे म्हणता. पत्रा माझ्याकडे उरलाय, थर्मोकपलची दुसरी वायरही आहे. पुढच्या रविवारी दुपारी दोनला दाणोलीत भेटू. टर्बोकडच्या पाइपाचा व्यास तेवढा आधी कळवा.