सोळा तास की साडेतीन?

बंड्याच्या भाच्याचं तिकीट आलं, दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को. पहाटे चारला उड्डाण, त्याच दिवशी सकाळी साडेसातला उतरणार. नानांनी ते वाचलं आणि पेटले.

"साडेतीन तासांत अमेरिका? आमची कोकणकन्या तेवढ्यात चिपळूण गाठत नाही!"

"अहो नाना, तिकडचं घड्याळ उन्हाळ्यात साडेबारा तास मागे असतं. सोळा तासांचा प्रवास आहे," बंड्या म्हणाला.

"आणि अंतर?"

मिल्याला एवढंच हवं होतं. पोरांचा चेंडू आणि गजरेवालीकडून हातभर दोरा घेऊन त्याने दोन्ही शहरांच्या जागी पेनाने ठिपके काढले. दोरा ताणून धरला तर तो थेट उत्तर ध्रुवाशेजारून गेला. "हे सगळ्यात जवळचं. साधारण 12,400 किलोमीटर."

"मग विमान तिकडून जातं?"

"नाही!"

आता मात्र सगळेच सरसावले. मिल्याने सांगितलं ते असं: एअर इंडिया आधी युरोप-अटलांटिकवरून जायची, सुमारे 13,900 किलोमीटर. ऑक्टोबर 2016मध्ये त्यांनी विमान उलट्या दिशेने, पॅसिफिकवरून नेलं. अंतर वाढून 15,300 झालं आणि वेळ मात्र जवळजवळ दोन तासांनी घटला.

"थापा!" सुध्या.

"वारा, बाबा. दहाएक किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट प्रवाह वाहतो, कधी ताशी 200 किलोमीटरच्याही वर. तो पाठीशी असला की फुकटात वेग मिळतो."

"आणि येताना?"

"त्याच वाटेने आलास तर तोंडावर बसेल. म्हणून येतानाही पूर्वेकडेच यायचं, अटलांटिकवरून."

म्हणजे जाऊन येऊन पृथ्वीप्रदक्षिणाच की! (मला तरी हे भारी वाटलं. सुध्याला तिकिटाच्या किमतीत प्रदक्षिणा वसूल झाल्याचं समाधान.)

सुध्या हटेना. "ध्रुवावरून कुणी जातच नाही का मग?" जातात की. जानेवारी 2021मध्ये कॅप्टन झोया अगरवाल आणि त्यांच्या सहकारी महिला वैमानिकांनी सॅन फ्रान्सिस्कोहून बंगळुरूला तसंच विमान आणलं. पण तिथे थंडीने इंधन गोठण्याची काळजी घ्यावी लागते आणि अडचणीत उतरायला विमानतळही विरळ. त्यात एप्रिल 2025पासून पाकिस्तानचं आकाश आपल्या विमानांना बंद, त्यामुळे पश्चिमेकडून दिल्लीला येणाऱ्यांना अरबी समुद्रावरून वळसा. किती किलोमीटर, हे विचारण्यात अर्थच नाही, असं माझं मत. कुठून जातंय ते विचारा.

नाना बराच वेळ चेंडू फिरवत होते. "पॅसिफिकवर ती तारखेची रेषा असते ना? म्हणजे वाटेत मंगळवारचा सोमवार होणार?"

"होणार. तारीख एक दिवस मागे."

"आणि मंगळवारी त्याची अंगारकी असली तर उपास कधी सोडायचा? चंद्रोदय कुठला धरायचा?"

दिल्लीचा, असं बंड्या म्हणाला. सुध्या म्हणाला, खिडकीतून दिसेल तो. पुढचा अर्धा तास त्यावरच गेला.